मोटारींचा शृंगार आणि आमची रसिकता

आमच्या सुशिक्षित घरांतून वाहनांच्या फेरफाराविषयीं दोन स्वरांत बोलण्याचा प्रघात पडला आहे. तालुक्याच्या गांवचा एखादा मिस्त्री जुन्या जीपचें छप्पर कापून तिला रुंद चाकें बसवितो, ट्रॅक्टरच्या तोंडावर सिंहाचा जबडा रंगवितो, तेव्हां तो टवाळ पोरांचा उद्योग ठरतो. तोच फेरफार साठ वर्षांपूर्वीं कोणा अमेरिकन माणसानें केलेला असला, आणि त्याची बोटभर लांबीची प्रतिकृति चकचकीत खोक्यांत घालून परदेशी कंपनीनें पाठविली असली, म्हणजे ती दिवाणखान्यांतील कांचेच्या कपाटांत पुस्तकांच्या शेजारीं बसते व पाहुण्यांस दाखवितांना यजमानाच्या मुद्रेवर रसिकतेचें तेज चढतें. ह्या दोन स्वरांचा मेळ कसा घालावयाचा, हें कोडें प्रस्तुत लेखकास पुष्कळ दिवस पडलें आहे. आणि ज्या अर्थीं तें घालणारे व सोडविण्याचें टाळणारे असे दोन्ही आपणच, म्हणजे ह्या मासिकाचे लेखक व वाचक, आहोंत, त्या अर्थीं तें येथेंच उकलावें हें बरें.

आमचा पक्ष प्रारंभींच सांगून टाकतों, म्हणजे कोणास शेवटपर्यंत ताटकळावें लागणार नाहीं. यंत्राला हात लावून, तें उकलून, पुन्हा जोडून, आपल्या मनासारखें करून घेणें ही एक कला आहे. ती ज्या हातांत आहे तो हात आम्ही मळका म्हणून झिडकारतों, आणि त्या कलेचें वाळलेलें साल तेवढें विकत आणून तिचे भोक्ते म्हणून मिरवितों. हें ढोंग आहे; आणि तें फार महाग पडणारें ढोंग आहे.

ज्यांस ‘हॉट रॉड’ हें नांव अपरिचित असेल त्यांच्यासाठीं थोडा इतिहास सांगणें अवश्य आहे. फोर्ड कंपनीनें १९०८ पासून १९२७ पर्यंत ‘मॉडेल टी’ नांवाच्या मोटारी दीड कोटीच्या वर बनविल्या. एवढ्या गाड्या निघाल्या म्हणजे त्या जुन्याहि तितक्याच होतात. पुढच्या दशकांत, मंदीच्या दिवसांत, ही भंगारांत निघालेली दौलत कॅलिफोर्नियांतील कामकरी पोरांच्या हातीं अल्प किंमतींत पडूं लागली. १९३२ सालीं त्याच कंपनीनें सामान्य माणसाच्या मोटारींत आठ सिलिंडरांचें इंजिन घातलें, आणि कांहीं वर्षांनीं जुनें होऊन तेंहि ह्या पोरांपर्यंत येऊन पोंचलें. त्यांनीं काय केलें? चाकांवरचीं मडगार्डें काढून टाकलीं, छप्पर बुटकें केलें, बॉनेट उतरविलें, जेवढें वजन वेगाच्या आड येत होतें तेवढें फेकून दिलें, इंजिनाचे भाग स्वतः घासून-तासून बसविले, आणि म्यूरॉकसारख्या आटलेल्या सरोवराच्या सपाट तळावर जाऊन कोणाची गाडी किती धांवते हें घड्याळ लावून मोजून पाहिलें. १९३७ सालीं अशा मंडळांची ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ ही संघटनाहि उभी राहिली. ह्या पोरांजवळ पैसा नव्हता, हें विशेषेंकरून ध्यानांत ठेवावें. पैसा असता तर त्यांनीं नवी गाडी विकत घेतली असती, आणि हॉट रॉड जन्मासच आला नसता.

शिव्या त्यांसहि खाव्या लागल्या. महायुद्ध संपलें, तरुण घरीं परतले, रस्त्यांवर शर्यती लागूं लागल्या, आणि प्रतिष्ठित लोकांनीं व वर्तमानपत्रांनीं ओरड केली. त्यानंतर ह्या मंडळींनीं जें केलें तें आपण मुद्दाम लक्षांत घ्यावें असें आहे. १९४८ च्या जानेवारींत त्यांनीं लॉस एंजलिस येथें आपल्या गाड्यांचें प्रदर्शन भरविलें. त्याच महिन्यांत रॉबर्ट पीटरसन ह्यांचें ‘हॉट रॉड’ मासिक निघालें. त्या मासिकाचे संपादक वॉली पार्क्स ह्यांनीं १९५१ सालीं ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन केली, आणि १९५४ पासून त्या संस्थेचीं माणसें गांवोगांव हिंडून शर्यत रहदारीच्या रस्त्यावर न लावतां आखलेल्या पट्टीवर, गाडीची तपासणी करून, कशी लावावी हें शिकवूं लागलीं. एका मासिकाच्या कचेरींतून पोरांचें गुंडपण असें माणसाळविलें गेलें. आमच्या मासिकांनीं ह्या काळांत काय केलें, हा प्रश्न संपादकांस आवडणार नाहीं म्हणून विचारीत नाहीं.

ह्या कारागिरीच्या पोटीं एक चित्रकलाहि जन्मास आली, आणि ती पाहून अभिरुचिसंपन्न मंडळींनीं नाकाला पदर लावावा अशीच ती होती. एड रॉथ (१९३२–२००१) हा तिचा म्होरक्या. मोटारींच्या जत्रेंत बसून गिऱ्हाइकाच्या सदऱ्यावर रंगाच्या फवाऱ्यानें राक्षस काढून देणें हा त्याचा धंदा. डोळे खोबणींतून बाहेर आलेले, जीभ लोंबणारी, एक हात गिअरच्या दांड्यावर, आणि खालीं धूर ओकणारी मोटार. त्याचा ‘रॅट फिंक’ नांवाचा हिरवा, ढेरपोट्या, ओंगळ उंदीर म्हणजे डिस्नेच्या सोज्ज्वळ उंदरास दिलेलें उत्तरच होय. परंतु हा गृहस्थ नुसता चितारी नव्हता. प्लास्टरचा सांचा करून त्यावर फायबरग्लास चढवून त्यानें मोटारींचीं सबंध अंगें स्वतःच्या हातानें घडविलीं. ‘बीटनिक बँडिट’ ह्या त्याच्या गाडीस सुकाणूचें चाकच नाहीं. ती एका दांड्यानें वळते, आणि वर बुडबुड्यासारखें पारदर्शक झांकण आहे. चित्रांतला राक्षस व खरी गाडी हीं एकाच हातांतून निघालीं, म्हणून त्या ओंगळ चित्रांतहि दम आहे. केवळ ओंगळपणा कोणासहि काढतां येतो.

येथून पुढें ह्या कलेची उतरण पाहण्यासारखी आहे. १९६० नंतरच्या दशकांत रेव्हेल कंपनीनें रॉथच्या गाड्यांचे व राक्षसांचे प्लास्टिकचे सुटे भाग खोक्यांत घालून विकले. ते जोडतांना पोराचीं बोटें निदान गोंदानें चिकट होत. १९६८ सालीं मॅटेल कंपनीनें ‘हॉट व्हील्स’ ह्या नांवानें पहिल्या सोळा मोटारी बाजारांत आणल्या. त्यांत ती बीटनिक बँडिट होती. आतां जोडावयाचें कांहीं उरलें नाहीं. तथापि त्या मोटारी जमिनीवर धांवत, भिंतीवर आपटत, त्यांचा रंग उडे. मूल त्यांच्याशीं खेळे. शेवटची पायरी मात्र आमच्या डोळ्यांदेखत आली. ती ही कीं खोकें फोडावयाचेंच नाहीं! पुठ्ठ्याचा कोपरा दुमडला तर किंमत उतरते, म्हणून मोटार जन्मभर प्लास्टिकच्या फुग्यांत कोंडून ठेवावयाची. १९९५ पासून कंपनीनें थोड्याच संख्येंत निघणाऱ्या ‘ट्रेझर हंट’ गाड्या इतर मालांत मिसळून पाठविण्याची युक्ति काढली. आणि आतां शहरांतल्या दुकानांत मुलांच्या आधीं प्रौढ गृहस्थ पोंचतात, मांडणीवरचीं खोकीं पत्त्यांसारखीं पिसतात, व दुर्मिळ तेवढी गाडी काढून नेतात. दोनशे रुपयांच्या आंतबाहेरची वस्तु मग दसपटीनें हात बदलते. ह्या व्यवहारास आमची भाषा ‘छंद’ म्हणते. सट्टा हा शब्द तिच्यांत नाहीं असें नव्हे.

संग्रह करणें हेंच निंद्य, असें आमचें म्हणणें आहे असा गैरसमज कोणी करून घेऊं नये. पुण्याच्या राजा दिनकर केळकरांनीं अडकित्ते व दिवे जमविले, पण ते ज्यानें घडविले त्याच्या बोटांवरील प्रेमानें. आणि शेवटीं तो सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. त्यांच्या संग्रहालयांतून बाहेर पडणारा मनुष्य तांबटाचें व लोहाराचें नांव घेत बाहेर पडतो. मोटारींच्या आमच्या संग्राहकास विचारावें कीं, ह्या तुमच्या कपाटांतल्या गाडीचें छप्पर बुटकें कां आहे? तिचें इंजिन उघडें कां ठेविलें आहे? शंभरांतून किती जण उत्तर देतील? ज्या खुणा गरिबीनें व वेगाच्या वेडानें त्या पत्र्यावर उमटविल्या, त्या येथें निव्वळ नक्षी होऊन बसल्या आहेत.

आतां आमच्या नेरकडे येऊं. यवतमाळ-अमरावती रस्त्यावरचें हें तालुक्याचें गांव. जुन्या माणसांच्या तोंडीं नेर-परसोपंत. येथें मोटारींचा शृंगार नवा असला तरी वाहनाचा शृंगार नवा नाहीं. पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलांचे खांदे हळद-तुपानें शेकावयाचे, पोळ्यास शिंगें तासून रंगवावयाचीं, अंगावर गेरूचे ठसे उठवावयाचे, झूल, बाशिंग, घुंगरमाळा घालून त्यांस तोरणाखालीं न्यावयाचे, आणि तेथें झडत्यांच्या फैरी झाडावयाच्या. झडतींत सावकारापासून सरकारापर्यंत कोणाची गय नसते. वाहन सजवावें, तें चारचौघांत मिरवावें, आणि त्या निमित्तानें वरच्यांची टवाळी करावी. ह्याहून रॉथच्या उंदरानें निराळें काय केलें? ज्या पोराच्या आजानें बैलाचीं शिंगें हिंगुळानें रंगविलीं त्यानें आपल्या ट्रॅक्टरच्या नाकावर रंग चढविला, तर तो कोठून तरी आलेला उपद्रव नव्हे. तो घरचाच वारसा आहे. वाहन तेवढें बदललें.

आणि प्रतिकृतींची गोष्ट काढाल, तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशींचा तान्हा पोळा हें विदर्भाचें खास लेणें आहे. नागपूरकर दुसरे रघूजी भोसले ह्यांनीं तो १८०६ सालीं सुरू केला असें सांगतात. खऱ्या बैलांजवळ जाण्याचें ज्यांचें वय नाहीं त्या मुलांनीं चाकांवरचे लाकडी बैल दोरीनें ओढीत आणावयाचे, थोरांनीं ते पाहावयाचे, व मुलांच्या हातावर खाऊ-पैसा ठेवावयाचा. वर्धा जिल्ह्यांतील सिंदी (रेल्वे) येथें तर नंदी इतके थोरले होतात कीं त्यांपुढें मूल दिसेनासें व्हावें. आमचा जिल्हा सागवानाचा. सुतारानें सागाचा बैल कोरावा, बापानें रंगवावा, आईनें झूल शिवावी, आणि पोरानें चाकांत तेल घालावें, असा हा सोहळा होता. वाहनाची लहान प्रतिकृति, तिचा शृंगार आणि तिचें प्रदर्शन हीं तिन्ही आमच्या गल्लींत मोटारीचा जन्म होण्याच्या किती तरी आधीं नांदत होतीं. परंतु ह्या नंदीसहि हळूहळू खोक्याची कळा येत चालली आहे. तो तयार विकत मिळतो, सोनेरी रंगानें लखलखतो, त्याच्या शिंगांवर विजेचे दिवे लुकलुकतात, आणि पुष्कळदां बक्षीस कोणास मिळतें म्हणाल तर ज्याच्या नंदीची किंमत अधिक त्यास. मुलाच्या हातीं उरली आहे ती दोरी.

येथें निःपक्षपातानें बोलावयाचें तर दोष केवळ कपाटवाल्या गृहस्थांचाच आहे असें म्हणतां यावयाचें नाहीं. रस्त्यावरचा शृंगारहि दिवसेंदिवस विकतचा होत आहे. मालमोटारीच्या पाठीवर डोळे, मोर, कमळें आणि वळणदार अक्षरें काढणारा पेंटर फ्लेक्सनें व चिकटपट्टीनें हुसकला. महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं ‘हॉर्न ओके प्लीज’ ह्या अक्षरांस बंदी केली तेव्हां कित्येकांनीं हळहळ व्यक्त केली. पण बंदीनें गेलीं तीं तीन अक्षरगटें, आणि चिकटपट्टीनें गेला तो अक्षर काढणारा हात. त्याच्यासाठीं कोणी हळहळलें नाहीं. नंबरपाटीचीच गोष्ट घ्या. ४१४१ हा आंकडा ‘दादा’ असा वाचतां यावा व ८०५५ हा ‘बॉस’ असा, म्हणून आंकड्यांच्या माना मुरगाळण्याची जी चलाखी आमच्या पोरांनीं काढली ती व्यंगचित्रकाराची चलाखी होय, हें आम्ही मान्य करतों, आणि ती पाटीवरून गेली हें योग्यच झालें असेंहि म्हणतों. नंबर वाचतां आला पाहिजे. ती चलाखी पाटीवरून उतरून गाडीच्या अंगावर कां आली नाहीं, एवढेंच दुःख. ‘दादा’ हें नांव मिरविण्याची हौस होती. चित्र काढण्याची नव्हती, असें त्यावरून दिसतें.

आतां ज्या हाताविषयीं आम्ही बोलतों आहों त्याचें एक उदाहरण घेऊं, म्हणजे हें सारें हवेंतलें बोलणें वाटणार नाहीं. सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे हें गांव यशवंतराव चव्हाणांचें जन्मग्राम म्हणून वाचकांस ठाऊक आहे. त्या गांवचे दत्तात्रेय लोहार ह्यांनीं मुलाची हौस पुरविण्यासाठीं भंगारांतले भाग गोळा करून चार चाकांची एक चिमुकली जीप घडविली. खर्च सुमारें साठ हजार रुपये, आणि ती चालू करावयाची फटफटीप्रमाणें पायानें लाथ मारून! डिसेंबर २०२१ मध्यें तिचें चित्रण देशभर पसरलें. उद्योगपति आनंद महिंद्र ह्यांनीं तिची वाखाणणी केली, आणि त्याच वेळीं ही गाडी नियमांत बसत नसल्यामुळें अधिकारी ती आज ना उद्यां रस्त्यावरून काढतील हेंहि सांगितलें; त्या गाडीच्या मोबदल्यांत नवी बोलेरो देऊं केली, आणि जानेवारी २०२२ मध्यें तो व्यवहार पुरा झाला. लोहारांची जीप कंपनीच्या संग्रहांत गेली.

ही गोष्ट सगळ्यांनीं गोड मानून घेतली. आम्हांस ती अर्धीच गोड वाटली. दात्याच्या औदार्याविषयीं शंका नाहीं, आणि लोहार-कुटुंबास चांगली गाडी मिळाली ह्याचा आनंदच आहे. परंतु व्यवहाराचा आकार पाहा. ज्या माणसास गाडी घडवितां येते त्यास आम्हीं काय दिलें? घडविलेली गाडी. जें त्यास येत होतें तें करीत राहण्याची सोय – लेथ, चांगलें पोलाद, ब्रेकांचें गणित सांगणारा एखादा अभियंता, आणि केलेलें काम तपासून घेण्याची कचेरी – ह्यांपैकीं कांहीं देण्याचें आम्हां वाहवा करणाऱ्यांपैकीं कोणाच्या मनांत आलें? कारागिराचें काम कपाटांत गेलें व कारागीर गिऱ्हाईक झाला. मोठ्या प्रमाणावर हेंच चाललें आहे.

ह्याच्या उलट, पैशाच्या बळावर केलेल्या फेरफारास आमच्याकडे तोटा नाहीं. २००४ च्या ‘टारझन : द वंडर कार’ ह्या हिंदी बोलपटांतील जांभळी मोटार दिलीप छाब्रिया ह्यांनीं एका जपानी गाडीवरून बेतून दिली होती, आणि त्यांच्याकडून गाडी सजवून घेणें ही पुढें धनिकांत प्रतिष्ठा झाली. त्यांच्या कौशल्याविषयीं वाद नाहीं. परंतु एकाच कृत्यास मुंबई-पुण्यांत ‘डिझाइन’ म्हणावयाचें व नेर-दारव्ह्यांत ‘चाळे’ म्हणावयाचें, हा भाषेचा भेद नसून पाकिटाचा भेद आहे.

देवराष्ट्र्याच्याच मुलखांत किर्लोस्करवाडी आहे. तिचें नांव ह्या वादांत आम्ही हेतुपुरस्सर घेतों. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत चित्रकला शिकावयास गेले. रंग ओळखण्यांत दृष्टि थोडी उणी म्हणून ती विद्या सुटली, आणि ते यंत्रांचीं रेखाचित्रें काढूं लागले, शिकवूं लागले. बेळगांवीं १८८८ सालीं सायकलींचें दुकान, पुढें लोखंडी नांगर, आणि १९१० सालीं तो ओसाड माळ. त्या कारखान्याचें ‘किर्लोस्कर खबर’ हें पत्र १९२० सालीं निघालें आणि त्यांतूनच पुढें मराठींतील एक नामांकित वाङ्मयीन मासिक उभें राहिलें. त्याचे संपादक शं. वा. किर्लोस्कर हे स्वतः व्यंगचित्रें काढीत. नांगर, रेखाचित्र, व्यंगचित्र आणि निबंध हीं एका अंगणांत वाढलेलीं भावंडें आहेत. त्यांपैकीं निबंधानें तेवढें शिकून शहाणें होऊन थोरल्या भावास ओळख देऊं नये, हें आम्हांस शोभत नाहीं. (निबंधकारांचे हात स्वच्छ असतात हें खरें, पण ज्या कारखान्यानें पहिले चारशें वाचक मिळवून दिले असतील त्याची काजळी पुसून टाकण्याची घाई कशाला?)

ह्यावर कायद्याचा आधार घेऊन आक्षेप येईल, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम सांगतें कीं, नोंदणीपुस्तकांतील तपशील कारखानदाराच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकानें करूं नये. सर्वोच्च न्यायालयानेंहि जानेवारी २०१९ मध्यें तोच निर्वाळा दिला. त्याच वर्षाच्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक अनधिकृत फेरफारास पांच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेविली. कायदा रास्त आहे. दुसऱ्याच्या मुलास रस्त्यावर उडविण्याचा अधिकार कोणत्याहि कलेस नाहीं, आणि वेल्डिंगचा जोड निखळला तर तो मिस्त्रीची प्रतिभा पाहून निखळत नाहीं. परंतु हेंच कलम वकिलांनीं पुढें वाचावें. फेरफारांचे निकष व मान्यतेच्या अटी केंद्र सरकारास ठरवितां येतील, असेंहि त्यांत आतां लिहिलें आहे. म्हणजे भिंतीस दार आहे. वाहनांची कसोटी घेऊन मान्यता देणारी संस्था, १९६६ सालीं स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, आमच्याच पुण्यांत आहे. पण तेथील कसोटी ही हजारों गाड्या काढणाऱ्या कारखानदारास परवडणारी कसोटी आहे. एक गाडी घडविणाऱ्या लोहारानें पुण्याच्या त्या टेकडीकडे नुसतें पाहावयाचें. नेरच्या मिस्त्रीस यवतमाळच्या परिवहन कचेरींत जाऊन ‘हें मीं केलें आहे, ह्यांत चुकलें काय तें सांगा’ असें विचारतां येईल असा एक दिवस वर्षांतून असावा, एवढी साधी सोयहि नाहीं. विचारावयास गेला तर दंड, आणि न विचारतां केलें तर न सांपडेपर्यंत सुटका! अशा व्यवस्थेंत विचारील कोण?

दुसरा आक्षेप आवाजाचा. ह्या बाबतींत आक्षेपकांहून आम्ही अधिक कडक आहों. फटफटीचा सायलेन्सर बदलून मध्यरात्रीं रुग्णालयापुढून फटाके फोडीत जाणें ही कला नव्हे, कारागिरी नव्हे, बंडखोरीहि नव्हे. कॅलिफोर्नियांतल्या पोरानें गाडीचे भाग काढले ते वेगाच्या हिशेबानें. ह्यानें दुकानांतून पोकळ नळकांडें विकत आणलें आणि चार बोल्ट पिळले. तेंहि खोकेंच, फक्त वाजणारें. पुण्या-नागपुरांकडे पोलिसांनीं असे जप्त सायलेन्सर रस्त्यावर पसरून त्यांवरून रोडरोलर फिरविला तेव्हां आम्हांस मुळींच वाईट वाटलें नाहीं. वाईट वाटलें तें दुसऱ्याच एका रोडरोलरच्या आठवणीनें. इंग्लंडमध्यें जॅक ओडेल नांवाच्या यंत्रकारागिराच्या मुलीस शाळेंत काड्यापेटींत मावेल एवढेंच खेळणें नेण्याची मुभा होती, म्हणून बापानें तिला पितळेचा इवलासा रोडरोलर करून दिला. आणि त्यांतून १९५३ सालीं ‘मॅचबॉक्स’ मोटारी निघाल्या. सगळ्या जगांतल्या खोक्यांच्या मुळाशीं एका बापाचे काळे झालेले हात आहेत. आमच्याकडे रोडरोलर आला तो फक्त चेंगरण्यासाठीं.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाहीं, पण खरा तोच आहे: आमच्या मुलांनीं मिस्त्रीच्या दुकानांत काय म्हणून बसावें? अभियांत्रिकीची पदवी घेतलेला मुलगा चाक पंक्चर झालें असतां रस्त्याच्या कडेस उभा राहून फोन लावतो, हें ज्यांनीं घरीं पाहिलें आहे त्यांनीं ह्या आक्षेपाचें उत्तर आपल्याशींच द्यावें. आम्ही मुलास मोटार देतों, मोटारीची प्रतिकृति देतों, मोटारींचीं चित्रें देतों. पान्हा देत नाहीं. पान्हा ज्याच्या हातीं आहे त्या माणसाशीं आमचा संवाद ‘किती झाले?’ ह्या दोन शब्दांचा. त्यास अहो-जाहो करणारे घरोघर किती निघतील, ह्याची गणती न केलेली बरी.

तेव्हां मागणें थोडें आहे. जिल्ह्याच्या परिवहन कचेरीनें व तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेनें मिळून वर्षांतून एकदां फेरफार केलेल्या वाहनांची तपासणी भरवावी. त्या दिवशीं दंड नसावा, दोष सांगावे, आणि जें सुधारण्याजोगें नाहीं तें रस्त्यावर आणूं नये असें स्पष्ट बजावावें. अमेरिकेंत १९५४ सालीं जें झालें तें सत्तर वर्षांनीं आमच्याकडे होण्यास हरकत नसावी. पेंटरास गाडीचें अंग रंगवावयास द्यावें, चिकटपट्टीवाल्यास नव्हे. कपाटांतल्या खोक्यांपैकीं एक तरी, सर्वांत महागडें असेल तें, घरच्या पोरासमोर फोडावें, आणि ती गाडी छपराखालीं बुटकी कां आहे हें त्यास सांगावें. सांगतां येत नसेल तर दोघांनीं मिळून शोधून काढावें.

आणि आमच्या नेरच्या तान्ह्या पोळ्यापुरतें एक मागणें निराळें. महागड्या नंदीस द्यावयाचें तें बक्षीस खुशाल द्या. पण दुसरें एक, त्याच किंमतीचें, मुलानें घरीं घडविलेल्या नंदीसाठीं ठेवा. नंदी ओबडधोबड असेल, एक शिंग लांब व एक आंखूड असेल, गेरू ओघळला असेल, चालेल. बापानें केला कीं पोरानें केला हें ओळखावयाचें कसें, अशी शंका पंच काढतीलच. त्यावर उपाय सोपा आहे. पंचांनीं मुलाच्या हातीं पान्हा द्यावा, आणि नंदीचें एक चाक काढून पुन्हा बसवावयास सांगावें.